श्रीयुत क्ष यांचा अपराध

पेनिसिलिनच्या शोधाबद्दल मिळालेल्या नोबेल पारितोषिकानिमित्त ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोम येथे दिलेल्या व्याख्यानाच्या अखेरीस अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी श्रोत्यांना एक लहानशी काल्पनिक कथा सांगितली. श्रीयुत क्ष नावाच्या एका गृहस्थांचा घसा दुखू लागतो. ते दुकानातून पेनिसिलिन विकत आणतात आणि स्वतःच्याच बुद्धीने थोडेसे घेतात, इतके थोडे की त्याने घशातील जंतू मरत तर नाहीतच, उलट त्या औषधाशी झुंजण्याचे शिक्षण मात्र त्यांना मिळते. पुढे तेच जंतू त्यांच्या पत्नीच्या देहात शिरतात, तिला न्यूमोनिया होतो, डॉक्टर पेनिसिलिन देतात, त्याचा गुण येत नाही आणि ती मरण पावते. एवढे सांगून फ्लेमिंग यांनी विचारले, की या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण. आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकले: श्रीयुत क्ष.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा तिच्यातील शास्त्रापेक्षा तिच्यातील न्यायनिवाडाच मला अधिक खटकला, आणि इतक्या वर्षांनंतरही तो मनातून गेलेला नाही. शास्त्राचे म्हणाल तर काळाने त्या कथेत थोडी दुरुस्ती केली आहे. घसा दुखविणारा जो स्ट्रेप्टोकोकस फ्लेमिंग यांनी उदाहरणादाखल घेतला, तो आजतागायत पेनिसिलिनला शरण येतो. बंड केले ते स्टॅफिलोकोकसासारख्या दुसऱ्या जंतूंनी, आणि तेही फार लवकर. पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डमधील संशोधकांनी त्याचा नाश करणारे विकर जंतूंमध्ये असल्याचे प्रसिद्ध केले होते. शिवाय ‘घ्यायचे तर पुरेसे घ्या’ असा फ्लेमिंग यांचा बोध होता. आजचे वैद्यक त्याच्याही आधीची एक पायरी सांगते, की गरज नसेल तर घेऊच नका. पण ही दुरुस्ती बाजूला ठेवली तरी मूळ प्रश्न उरतोच. क्ष यांनी केले काय? स्वतःचे पैसे मोजून, स्वतःच्या दुखण्यासाठी, खुल्या बाजारात मिळणारी वस्तू घेतली. कोणाचे वाईट चिंतिले नाही, कोणाला फसविले नाही. मग हा अपराध कोणत्या जातीचा? आणि अपराध असेलच, तर तो थांबविण्याचा अधिकार कोणाला, व कोणत्या अटीवर? निरनिराळ्या राष्ट्रांनी प्रतिजैविकांच्या अतिवापराला आवर घालण्यासाठी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जी धोरणे आखली, ती वरवर पाहता आरोग्यखात्याच्या दफ्तरातील परिपत्रके असली, तरी माझ्या दृष्टीने ती या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

आपल्या परंपरेने पापपुण्याचा विचार ज्या चौकटीत केला तिचा मुख्य आधार असा, की कर्ता आणि भोक्ता एकच असतो. करावे तसे भरावे, हे त्याचेच लोकभाषेतील रूप. या तत्त्वाला धक्का लावणाऱ्या दोन दोषांना दर्शनकारांनी नावेच देऊन ठेवली आहेत. केलेल्या कर्माचे फळ न भोगताच ते नाहीसे होणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे हा अकृताभ्यागम. ज्या मतातून हे दोष उद्भवतील ते मत त्याज्य, असे ते मानीत. पण प्रतिजैविकाच्या बाबतीत हे दोन्ही दोष तर्काच्या पोथीत राहत नाहीत. ते रुग्णालयाच्या खाटेवर प्रत्यक्ष दिसतात. विषाणूमुळे झालेल्या सर्दीसाठी ज्याने अकारण प्रतिजैविक घेतले तो चार दिवसांनी बरा होतो, कारण ती सर्दी औषधावाचूनही बरी होणारच होती, आणि आपल्या कृत्याचे फळ त्याला बहुधा जन्मात भेटत नाही. उलट ज्या अर्भकाने आयुष्यात औषधाचा एक थेंब घेतलेला नाही, ते जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशा जंतूच्या तावडीत सापडते, की डॉक्टरांच्या हातातील एकामागून एक औषध निकामी ठरत जाते. करणारा एक आणि भरणारा दुसरा. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट दगावली, असा अंदाज २०२२ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला; पण त्यांतील एकाही मृत्यूकडे बोट दाखवून, हे अमक्याच्या गोळीचे फळ, असे कोणी सांगू शकणार नाही.

म्हणूनच व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीवर हा प्रश्न सोपवून मोकळे होता येत नाही. विवेक जागा होतो तो बहुधा समोरच्या दुःखाने, आणि येथे दुःखी मनुष्य समोर नसतोच. तो दुसऱ्या तालुक्यात असतो, दुसऱ्या देशात असतो, कित्येकदा तो अद्याप जन्मलेलाही नसतो. अपराध दिसावा म्हणून फ्लेमिंग यांनाही बळी क्षच्या घरातच आणावा लागला. वस्तुस्थितीत तो इतक्या जवळ आला असता, तर कदाचित कायद्याची गरजच पडली नसती.

योगसूत्रांतील पाच यमांपैकी अस्तेय हा यम मला या संदर्भात सर्वांत मार्मिक वाटतो. शास्त्राने दाखविलेल्या मार्गावाचून दुसऱ्याचे द्रव्य घेणे म्हणजे स्तेय, आणि त्या द्रव्याची स्पृहासुद्धा मनात नसणे म्हणजे अस्तेय, असे भाष्यकार सांगतात. आता प्रतिजैविकाच्या गोळीत दुसऱ्याचे द्रव्य कोणते? गोळी तर पैसे मोजणाऱ्याची आहे. परंतु आपली भाषा येथे एक सूक्ष्म भेद आपोआप करते: आपण औषध घेतो, आणि मग औषधाला ‘गुण’ येतो. गोळी ज्याची त्याची. तिच्यातील गुण मात्र कोणा एकाचा नव्हे. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी मी वाटेल तितकी घेतली म्हणून शेजाऱ्याच्या गोळीचा गुण तिळभरही कमी होत नाही. प्रतिजैविक हे मात्र असे औषध आहे, की माझ्या प्रत्येक घोटाबरोबर ते सर्वांसाठीच किंचित झिजते. ती झीज एखाद्याचा प्राण वाचविण्यासाठी झाली तर ती झीज नव्हे, तो विनियोग होय. पण निष्कारण झाली, तर ज्याला पुढे त्या गुणाची खरोखर गरज पडणार होती त्याच्या ताटातून एक घास उचलला गेला, आणि उचलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. शिवाय हा गुण मुळात मनुष्याने निर्माण केलेला नाही. पेनिसिलिन एका बुरशीने दिले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतील सूक्ष्मजीवाने दिले. सृष्टीचे देणे भोगून काहीच परत न करणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘स्तेन’ असा शब्द लावला आहे, तो कठोर वाटला तरी येथे अक्षरशः लागू पडतो.

मीही या स्तेयातून मुक्त नाही. पूर्वी एकदा व्याख्यानाच्या आदल्या दिवशी घसा बसला म्हणून मी आमच्या डॉक्टरांकडे ‘काहीतरी जालीम द्या’ असा हट्ट धरला होता. डॉक्टर वयोवृद्ध होते. त्यांनी चिठ्ठी लिहिण्यासाठी उचललेले पेन क्षणभर थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग लिहिले. व्याख्यान झाले, घसाही सुटला, आणि तो क्षणभराचा विराम मी विसरूनही गेलो. तो विराम कशाचा होता हे मला फार उशिरा कळले. समोर बसलेल्या रुग्णाचे समाधान आणि समोर नसलेल्या रुग्णाचा हक्क यांच्यामध्ये डॉक्टर एकटा उभा असतो, आणि दुसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कोणीही नसते. राष्ट्राचे धोरण म्हणजे त्या खोलीत अनुपस्थित पक्षकाराने पाठविलेला वकील, असे मी समजतो.

हा वकील नेमला जातो कसा, याचा इतिहास पाहिला तर स्वीडनची गोष्ट सर्वांत विचार करण्याजोगी आहे. जनावरे जलद वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविके अल्प प्रमाणात मिसळण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत सर्रास पडली होती. ब्रिटनने १९६९ साली स्वान समितीच्या अहवालाने तिच्यावर प्रथम बोट ठेवले आणि माणसांवरील उपचारात लागणारी औषधे अशा कामी वापरू नयेत असा सल्ला दिला; पण फट राहिली, आणि तीतून नात्याने जवळची अशी दुसरी औषधे गोठ्यांत शिरली. व्हँकोमायसिनचे भावंड असलेले ॲव्होपार्सिन हे त्यांपैकीच. डेन्मार्कने ते १९९५ साली बंद केले. स्वीडनमध्ये मात्र घडले ते निराळे. १९८० च्या सुमारास तेथील ग्राहकांत या प्रथेविषयी अस्वस्थता वाढू लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या महासंघानेच सरकारकडे मागणी केली, की आमच्या खाद्यातील या औषधांवर बंदी घाला. १९८६ पासून बंदी अमलात आली. असे पाऊल उचलणारा तो जगातील पहिला देश. सबंध युरोपीय संघाला तेथवर पोहोचायला १ जानेवारी २००६ उजाडावी लागली.

ज्याच्यावर बंधन यायचे त्यानेच ते मागून घ्यावे, हा प्रसंग राज्यशास्त्रात विरळा. त्यामागे बाजारातील पत सांभाळण्याचा हेतू होता हे खरे. पण हेतूत व्यापार मिसळला म्हणून संयमाचे मोल कमी होते, असे मला वाटत नाही. प्रश्न असा आहे, की त्यांना वापर थांबवायचाच होता तर प्रत्येकाने आपापल्या घरी तो थांबविला का नाही. सरकारच्या दारी जाण्याचे कारण काय? कारण हेच, की एकट्याने पाळलेला संयम शेजाऱ्याच्या पदरात नफा टाकतो. मी थांबलो आणि तो थांबला नाही, तर माझा संयम मला बुडवितो आणि जंतूंनाही आवरत नाही. ज्यांना संयम पाळायची इच्छा आहे त्यांनी एकमेकांना दिलेला जामीन, असे त्या कायद्याचे स्वरूप होते. ‘नियम’ या एकाच शब्दाने आपण सरकारचा कायदाही दाखवितो आणि योग्याचे व्रतही दाखवितो. स्वीडनच्या त्या कायद्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात.

आणि पुढे जे घडले ते याहूनही उद्बोधक. औषध बंद होताच आईपासून तोडलेली डुकराची पिल्ले हगवणीने आजारी पडू लागली. तेव्हा उमगले, की खाद्यातील ते औषध केवळ वाढीचे काम करीत नव्हते. दाटीवाटी, घाण आणि पिल्लांना अकाली दूध तोडण्याची घाई या सर्वांची भरपाई ते गुपचूप करीत होते. मग जागा वाढवाव्या लागल्या, स्वच्छता वाढवावी लागली, पिल्ले अधिक दिवस आईजवळ ठेवावी लागली, आणि हळूहळू औषधावाचून निभावू लागले. प्रतिजैविक पुष्कळदा दुसऱ्याच कशाच्या तरी अभावाची जागा घेऊन बसलेले असते. तो अभाव भरून काढल्यावाचून ते उठत नाही. माणसांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी लागेल.

आपल्याकडे प्रतिजैविके आली ती दुर्भिक्ष संपविणारे वरदान म्हणून. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या देशात प्रसूतिज्वराने आणि न्यूमोनियाने माणसे पटापट मरत होती, त्या देशाला त्या काळी अतिवापराचा प्रश्न सुचावा तरी कसा? डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी औषधे देऊ नयेत, असा निर्बंध औषधांच्या नियमांतील ‘एच’ अनुसूचीत होता; पण तो वेष्टनावर छापला जाई आणि वेष्टनावरच राही.

या निर्बंधात प्राण यावा असे पहिल्यांदा वाटले ते एका अपमानाच्या भावनेतून. नवी दिल्लीत रुग्णालयात राहून परतलेल्या एका स्वीडिश नागरिकाच्या शरीरात एक जंतू सापडला; कार्बापेनेम नावाच्या अत्यंत राखीव औषधांनाही निष्प्रभ करणारे विकर तो तयार करीत होता. शास्त्रज्ञांनी त्या विकराला राजधानीचे नाव दिले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्याच्या प्रसाराचा वृत्तान्त आला, तेव्हा संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ उठला. उपचारासाठी येथे येणाऱ्या परदेशी रुग्णांना पळवून लावण्याचा हा डाव आहे, असे म्हटले गेले. नाव बदलून मागण्यात गैर नव्हते. अशा विकराला एका नगरीचे नाव देणे अनुचितच होते. पण ज्या गोष्टीची आपण चर्चा टाळली ती अशी, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की कार्बापेनेमांना दाद न देणारे चोवीस जंतू तपासले असता त्यांतील बावीसांत तेच विकर आढळले. साक्ष घरचीच होती. ती घरात कोणी ऐकली नाही, आणि परक्याने उच्चारली तेव्हा ती निंदा वाटली. पुढच्या वर्षी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत, त्या विकराचा जनुक सापडला. म्हणजे तो रुग्णालयाच्या भिंती ओलांडून रस्त्यावर आला होता. मुंबईतच २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदले गेले, तेव्हाही पहिला वाद त्या क्षयाच्या नावावरूनच झाला. पण मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची खबर देणे सक्तीचे केले, ही त्या वादाची जमेची बाजू. सत्य हा यम अस्तेयाच्या आधी सांगितला आहे. जे चोरीला जाते आहे त्याची मोजदादच करायची नाही असे ठरविलेल्या घरात अस्तेयाची भाषा व्यर्थ असते.

२०११ साली सरकारने राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्याबरोबर एक कडक तजवीज मांडली: ‘एच-एक्स’ नावाची नवी अनुसूची करावी, चिठ्ठीवाचून विक्री पूर्णपणे थांबवावी, आणि काही राखीव औषधे फक्त मोठ्या रुग्णालयांतच मिळावीत. हरकतींचा पाऊस पडला. औषधविक्रेत्यांच्या हरकतीत धंद्याची काळजी होती. परंतु दुसरी एक हरकत तशी झटकून टाकण्याजोगी नव्हती. ज्या गावात डॉक्टरच नाही, तेथे चिठ्ठीची सक्ती म्हणजे औषधाचीच मनाई. आणि खेड्यातील अत्यवस्थ रुग्णाला राखीव औषध हवे असेल तर त्याने मोठ्या शहरापर्यंत जिवंत पोहोचायचे कसे? त्याच वर्षी ती तजवीज बाजूला ठेवण्यात आली. ऑगस्ट २०१२ मध्ये चेन्नई येथे देशातील वैद्यकसंस्थांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जो मार्ग सुचविला त्याचा मथितार्थ असा होता, की निर्दोष पण न पाळला जाणारा कायदा करण्यापेक्षा पाळता येईल असा सदोष कायदा करावा, आणि त्याची सुरुवात निवडक औषधांपासून व्हावी. त्यातून ‘एच-एक’ ही अनुसूची आली; अधिसूचना ऑगस्ट २०१३ ची, अंमल १ मार्च २०१४ पासून. तेव्हा तीत ४६ औषधे होती. त्यांत सेफॅलोस्पोरिनांच्या नव्या पिढ्या, कार्बापेनेमे आणि क्षयावरील औषधे येतात. ती देताना दुकानदाराने डॉक्टराचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण वेगळ्या वहीत नोंदवायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. साधी, जुनी प्रतिजैविके ‘एच’मध्येच राहिली.

ही माघार भीरुता होती की शहाणपण? मी बराच काळ तिला भीरुता मानीत होतो. माझे मत बदलले ते एका हिवाळ्यात, एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकासमोरच्या औषधांच्या दुकानात. माझ्या पुढे एक ऊसतोड कामगार उभा होता. अंगात ताप, छातीत खोकला, डोळे लाल. ‘दोन दिसाच्या गोळ्या द्या भाऊ, उद्या फडात जायचंय,’ एवढेच तो म्हणाला. दुकानदाराने चिठ्ठी विचारली नाही. त्याने पाकिटातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या कात्रीने कापल्या, तापाच्या चार त्यांत घातल्या, आणि त्या माणसाने खिशातून नोटा काढून मोजून दिल्या. पाच दिवसांची मात्रा अर्धीही भरली नाही. फ्लेमिंग यांचे श्रीयुत क्ष माझ्यापुढे साक्षात उभे होते. मला नियम ठाऊक होता, आणि तरी तो उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. कारण तो माझ्याकडे वळून म्हणाला असता, की मग मी काय करू, तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. फडावर खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. आरोग्य केंद्र गाठायचे तर दिवस जातो. खासगी डॉक्टरची फी आणि तपासणी यांत आठवड्याची मजुरी जाते. त्या चार गोळ्या डॉक्टराच्या जागी होत्या, रजेच्या जागी होत्या, कदाचित उसाच्या फडाशेजारच्या पालात न मिळालेल्या शुद्ध पाण्याच्याही जागी होत्या.

सह्याद्रीत अजून देवराया आहेत. त्यांतील वाळलेली काटकीसुद्धा गावकरी उचलीत नाहीत, आणि हे बंधन कोणत्याही सरकारी हुकुमाने आलेले नाही. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षित जगाला कळले की जे भाविकपणा म्हणून सोडून दिले होते त्यात जंगलाचे बीज राखले गेले होते. प्रतिजैविकांचीही अशीच देवराई व्हावी, असे मला मनापासून वाटते. पण देवराई टिकली याचे एक कारण आपण विसरतो: तिच्याबाहेर गावाला सरपण मिळण्यासाठी दुसरे रान होते. ज्या गावाचे सगळे रान तोडले गेले, त्या गावाची देवराईही फार काळ उभी राहत नाही. संयम सांगणाऱ्याने आधी दुसरे रान दाखविले पाहिजे.

म्हणून ‘एच-एक्स’ बाजूला ठेवणे मला आज चुकीचे वाटत नाही. चूक झाली ती त्यानंतरच्या क्रमात. ज्यांना पर्याय आहे त्यांच्यावर बंधन आधी आणि कडक यायला हवे होते, ज्यांना पर्याय नाही त्यांच्यावर शेवटी. एप्रिल २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय कृतियोजना आली. तीत माणूस, जनावर, शेती आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तिचे खरे काम राज्यांकडे गेले, आणि केरळने २०१८ साली सर्वांच्या आधी आपली योजना केली. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन, जे इतर सर्व औषधे हरल्यावर डॉक्टर हाती घेतात, ते कोंबड्यांसह सर्व खाद्यप्राण्यांसाठी बंद करण्यात आले. या एका हुकुमाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो, कारण तो नेमका त्यांच्यावर होता ज्यांना कोलिस्टिनवाचून चालविता येत होते.

परंतु त्याच न्यायाने ज्याचा क्रमांक सर्वांत आधी लागायला हवा होता, तो मोकळा राहिला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अनेक औषध-कारखान्यांचे सांडपाणी एका शुद्धीकरण केंद्रात येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन इतके आढळले, की उपचार घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते तितके नसते. तेथील ओढ्यानाल्यांतील जंतूंना रात्रंदिवस शिक्षण मिळत होते, आणि त्या विद्यालयाचा चालक कोणी अडाणी, तापाने फणफणलेला मजूर नव्हता. या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या प्रमाणावर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा त्या मर्यादा तीत नव्हत्या.

फ्लेमिंग यांनी ज्याला दोषी ठरविले तो मनुष्य माझ्या मते दोन आहेत. ज्याच्या घराजवळ डॉक्टर आहे, ज्याला दोन दिवस अंथरुणावर पडून राहता येते, ज्याला तपासणीचे पैसे देता येतात आणि तरीही जो जालीम औषधाचा हट्ट धरतो, त्याच्यापुरता फ्लेमिंग यांचा निवाडा मी कायम करतो, आणि त्या निवाड्याखाली मी स्वतःही येतो. एस.टी. स्थानकासमोरच्या त्या माणसाला मी दोषी धरीत नाही. त्याच्यावर चिठ्ठीची सक्ती करण्यापूर्वी सरकारने जानेवारी २०२० चा तो मसुदा दफ्तरातून बाहेर काढावा, आणि त्यातील मर्यादा जशाच्या तशा लागू कराव्यात.